न वाजलेली बेल

इस्पितळाच्या तळघरात, औषधांच्या गोदामाला लागून त्याची खोली होती. दारावर ‘संगणक विभाग’ अशी पाटी होती, पण सगळे त्याला वायरवाले भाऊच म्हणत. पंखा बंद पडला तरी हाक त्यालाच. तो मुकाट्याने जायचा, पंख्याकडे बघायचा आणि “इलेक्ट्रिशियनला पाठवतो” म्हणून परत यायचा. घरीही तीच तऱ्हा. बाबा काय करतात, असं त्याच्या लेकीला कुणी विचारलं तर ती सांगायची, “बाबा हॉस्पिटलमध्ये असतात,” आणि ऐकणारा हळहळायचा. बायको पोट धरून हसायची. तोही हसायचा, पण ते त्याला कुठेतरी लागायचं.

म्हणून मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावून पडद्याचं काम सांगितलं, तेव्हा तो हरखून गेला.

काम असं होतं. रुग्णाने उशाजवळचं बटण दाबलं की एक संदेश निघायचा. असे संदेश एका रांगेत येऊन थांबायचे. मजल्यावरच्या सिस्टरांच्या हातातलं यंत्र रांगेतून एकेक संदेश उचलायचं आणि वाजायचं. मोठ्या डॉक्टरांना हे सगळं प्रवेशदालनातल्या टीव्हीसारख्या मोठ्या पडद्यावर, घडतं तसं दिसायला हवं होतं. “कालचे आकडे नकोत मला,” ते म्हणाले, “आत्ताचं दाखवा. येणाऱ्या माणसाला कळू दे, इथे किती लक्ष असतं ते.”

साठवलेल्या आकड्यांचे आलेख त्याने ढिगाने काढले होते. चालत्या रांगेला हात मात्र पहिल्यांदाच लावत होता. धडपडून, डोकं खाजवून त्याने आलेख काढणारा प्रोग्राम त्या रांगेला जोडला. खरं तर पडद्यासाठी संदेशांची वेगळी प्रत आणि वेगळी रांग करायला हवी होती. एका रांगेला दोन घेणारे जोडले तर काय होतं, हे त्याने कुठेतरी वाचलंही होतं. वाचून तो पुढे गेला होता. एका रिकाम्या खाटेचं बटण त्याने दाबायला लावलं. पडद्यावर लाल ठिपका उमटला, हळूहळू विझला. त्याने टाळीच वाजवली. वर जाऊन सिस्टरांचं यंत्र वाजलं का, हे बघायचं त्याला सुचलं नाही.

उद्घाटनाला तो बायकोला आणि लेकीला घेऊन आला. आलेली माणसं माना वर करून ठिपके बघत होती. लेक मैत्रिणीला फोनवर सांगत होती, “हे माझ्या बाबांनी केलंय.” त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, इतका तो खुशीत होता.

मग तक्रारी सुरू झाल्या. आम्ही बेल दाबतो, कुणी फिरकत नाही. सगळ्यात जास्त बोलणी बसली ती वरच्या मजल्यावरच्या थोरल्या सिस्टरना. निवृत्तीला आलेल्या बाई, कडक, पण रुग्ण त्यांच्या नावाने निर्धास्त झोपायचे. त्या स्वतः जिने उतरून तळघरात आल्या.

“भाऊ, तुमचा पडदा लागल्यापासून बेल कमी वाजते हो.”

“सिस्टर, पडदा नुसता बघतो. तो कशाला हात लावत नाही.”

“एकदा तपासून बघा ना.”

“बघतो,” तो म्हणाला. पण मनात म्हणाला, बाईंचं वय झालं आता.

त्याच आठवड्यात सिस्टरांच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खाटेवरचे शिंपीकाका पडले. ऑपरेशन होऊन सुधारत होते, रोज धरून धरून चालवत होते त्यांना. ते एकटे उठले, तोल गेला आणि डोकं खाटेच्या कडेवर आपटलं. शुद्धीवर न येताच काही दिवसांनी गेले. सिस्टरांच्या यंत्रात त्यांच्या खाटेच्या बेलची नोंद नव्हती. म्हातारा हट्टी, न सांगता उठला, असं ठरलं. थोरल्या सिस्टरना मजल्यावरून काढून चादरींच्या कोठारात बसवलं.

शेजारच्या खाटेवरचा माणूस मात्र ज्याला त्याला सांगत होता, काकांनी बटण दाबलं होतं, चांगलं दोनदा. ते याच्या कानावर आलं. त्याने पडद्याकडची नोंद उघडली. शिंपीकाकांचे दोन्ही संदेश तिथे होते. पडद्याने ते रांगेतून उचलले होते, आणि एकाने उचललेला संदेश दुसऱ्याला मिळत नाही. इतके दिवस जवळजवळ निम्म्या बेला सिस्टरांपर्यंत न जाता पडद्यावर ठिपका होऊन विझल्या होत्या, आणि खाली माणसं कौतुकाने बघत होती.

त्याने पडद्याची जोडणी तिथल्या तिथे तोडली आणि मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं.

“नीट जोडता येतो का?”

“येतो. पण साहेब, सिस्टरांची काही चूक नव्हती. काकांचीही.”

“नीट जोडा. आणि तुम्हाला लेकरंबाळं आहेत, हे विसरू नका.”

त्याने वेगळी रांग करून पडदा जोडला. ठिपके पुन्हा उमटू लागले.

चादरींच्या कोठारात जाऊन त्याने सिस्टरना सांगितलं. त्या घड्या घालत होत्या. हात थांबले.

“मी कान तपासून घेतले हो,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले ठीक आहेत, तरी माझा विश्वास बसेना. घरी सुनेला सांगायचे, दुसऱ्या खोलीत जाऊन हाक मार बघू.” मग चादर बाजूला ठेवून म्हणाल्या, “काकांच्या मुलीला सांगितलंत?”

शिंपीकाकांचं दुकान आता मुलगी चालवत होती. तो गेला तेव्हा ती मशीनवर होती, गिऱ्हाईक समजून म्हणाली, “बसा, एवढी शिवण संपवते.” तो बसला नाही. उभ्या उभ्या, अडखळत त्याने सांगितलं. ती शिव्या देईल, निदान रडेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

“म्हणजे बाबांनी बेल दाबली होती?”

“हो. दोनदा.”

तिने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

“ते बेशुद्ध होते तेव्हा मी त्यांच्या कानाशी भांडत होते,” ती म्हणाली. “म्हटलं, कधी ऐकलंत का कुणाचं? एक बटण दाबायला काय झालं होतं? जाईपर्यंत हेच बोलले मी त्यांच्याशी. दुसरं काही बोललेच नाही.”

त्याला माफी मागायची होती.

“तुम्ही जा आता,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं, असं त्याला वाटलं. ती उठून आतल्या खोलीत गेली. अर्धी शिवलेली बाही मशीनवर तशीच लोंबत होती.