रिपोर्ट माझ्या एकटीचा नव्हता

"आपका वीडीआरएल रिएक्टिव आया है," डॉक्टरबाई म्हणाल्या. सिविल लाइन्समधल्या त्यांच्या दवाखान्यात मी एकटीच गेले होते. मला चौथा महिना होता. आधीचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, म्हणून या वेळी लवकर सगळ्या तपासण्या केल्या.

वीडीआरएल ही सिफिलिससाठीची रक्ततपासणी; रिएक्टिव म्हणजे आजाराची खूण सापडली. लैंगिक संबंधातून होणारा हा आजार. जुनी माणसं त्याला गरमी म्हणत. खात्रीसाठी टीपीएचए नावाची दुसरी तपासणी केली. तीही तशीच आली.

मला ना जखम, ना ताप. तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "अक्सर कुछ दिखता ही नहीं. इसीलिए जाँच करते हैं. पति को साथ लाइए."

नवऱ्याशिवाय माझा कुणाशी संबंध नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून तेवढंच डोक्यात फिरत राहिलं.

उपचार म्हणजे पेनिसिलिन, कमरेवर दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. ते औषध बाळापर्यंतही पोचतं. सासूबाईंना सांगितलं, ताकदीची आहेत. "मग तर छानच, तब्येत बनेल," त्या म्हणाल्या.

हे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची विक्री करतात, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. रिपोर्ट पाहून म्हणाले, "लॅबवाल्यांची गडबड असेल. मला काही झालेलं नाहीये." नऊ दिवस हेच. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की यांचा उपचार झाल्याशिवाय संबंध बिलकुल ठेवायचा नाही, नाहीतर आजार पुन्हा येईल. कंबर दुखते असं सांगून मी सासूबाईंच्या खोलीत झोपू लागले. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या इंजेक्शननंतर मी विचारलं, "अहो, हेही बाळ तसंच घालवायचं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोबत दवाखान्यात आले. त्यांचाही रिपोर्ट रिएक्टिव निघाला, इंजेक्शनं सुरू झाली. दोघांची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली, पण अलीकडची लागण त्यात सुटू शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली. तीही निगेटिव्ह आली.

"लग्नाआधीचं असेल," हे म्हणाले. मी डॉक्टरबाईंना विचारलं, कधी झालं ते कळतं का?

"कब हुआ, यह जाँच नहीं बताती."

"और पहला बच्चा? वह भी इसी से गया?"

"हो सकता है. पक्का कोई नहीं कह सकता."

त्या बाळाच्या वेळी मी माहेरी मऊरानीपूरला होते. ही तपासणी कुणी केलीच नव्हती. आता दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही, आणि मी त्याच घरात, त्याच माणसाला रोज जेवायला वाढते.

मुलगी झाली. तिच्या इवल्याशा हातातून रक्त काढलं तेव्हा मला बघवेना. आजार नव्हता. तरी काही महिने तिचं आणि आमचं रक्त तपासत राहावं लागलं.

माझ्यासारख्या बायकांना सांगते, त्रास व्हायची वाट बघू नका. दिवस गेल्याचं कळताच तपासणी करा. जखम, पुरळ, वेगळा स्राव दिसला किंवा नवं नातं जुळलं, तरी दोघांनी करा. कंडोमने धोका पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही.

परवा धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मी तिला म्हणाले, "लग्नाआधी दोघंही रक्त तपासून घ्या."

"भाभी, त्यांना कसं सांगू? काय वाटेल त्यांना?"

"वाटू दे," मी म्हणाले. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

भावाबद्दल काहीही न विचारता तिने दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला.