शोकेसमधली ग्रूनर

व्हिएन्नामध्ये मी वाइनच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाला द्राक्षं समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ग्रूनर वेल्टलिनर ही ऑस्ट्रियाची थोरली लेक म्हणा: पांढरी, आंबटसर, शेवटी जिभेवर पांढऱ्या मिरीची चव ठेवणारी. डॅन्यूबच्या काठी, डोंगरउतारावरच्या दगडी टप्प्यांवर तिच्या शेजारीच रीसलिंग पिकते, ती जास्त नखरेल. तांबड्यात त्स्वायगेल्ट, चेरीच्या चवीची, सरळ स्वभावाची, आणि ब्लाउफ्रेंकिश, जरा करारी. हे सगळं मी अनोळखी माणसांना दिवसभर न थकता सांगतो. स्वतःच्या बापाला मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा मुंबईत आधी गिरणीत, मग चारकोपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. रविवारी दुपारी मासे तळले जात तेव्हा ते आतल्या खोलीचं दार लोटून दोन पेग घ्यायचे. मला ते कळत नाही, असं घरात सगळ्यांनी धरून चालायचं. पुढे मीही प्यायला लागलो, बाहेर, मित्रांबरोबर. घरी येताना बडीशेप चघळायचो. बापासमोर मुलानं ग्लास धरायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती कोणी शिकवली नव्हती, पण मोडायची हिंमतही कोणाला झाली नाही.

चार वर्षांपूर्वी गणपतीला आलो तेव्हा त्यांच्यासाठी ग्रूनरची एक बाटली आणली. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी घरात सुरमई आली. बाबांनी बाटली हातात फिरवून पाहिली, लेबल वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वायच घेतंस काय रे?"

थोडी घेतोस का, असं त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही बाबा, मी घेत नाही."

वाइन विकून पोट भरणारा माणूस मी! आता लिहितानाही लाज वाटते. मोठं माणूस दिसलं की पाया पडायला वाकतो ना आपण, तसं ते तोंडातून आपोआप निघालं. मला वाटलं, मी त्यांचा मान राखला. बाबा "बरां" म्हणाले आणि बाटली त्यांनी शोकेसमध्ये ठेवून दिली. तिथे दुपारभर ऊन यायचं. ही वाइन बहुतेक ताजीच प्यायची असते, एवढं तरी सांगायला काय जात होतं? पण सांगितलं तर पुन्हा तोच प्रश्न येईल, याची मला धास्ती.

व्हिएन्नाच्या कडेला द्राक्षमळेवाल्यांच्या स्वतःच्या खानावळी आहेत. तिथे लाकडी बाकांवर बसून यंदाची नवी वाइन प्यायची. म्हातारे बाप आणि त्यांचे पन्नाशीचे मुलगे एकाच सुरईतून ओतून घेतात, हवापाण्याचं बोलतात. ते बघत मी माझा ग्लास एकटाच संपवायचो. पुढच्या खेपेला बाबांबरोबर बसायचंच, असं दर वेळी ठरवायचो. त्यानंतर दोनदा घरी येऊन गेलो. दोन्ही वेळा बाटली जागेवर होती आणि मी टीव्ही बघत बसलो.

यंदा उन्हाळ्यात बाबा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी ती बाटली काढून उघडली. रंग पितळेसारखा झालेला, वास नासक्या सफरचंदाचा. मिरीचा मागमूस नव्हता. तरीही ग्लास भरला आणि सगळा प्यायलो, आईसमोर, पहिल्यांदाच.

आई भांडी पुसत होती. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं पुसणं थांबवलं नाही. मी विचारलं, बाबांनी ही कधी उघडली कशी नाही?

"मी किती वेळा म्हटलं, फोडा एकदाची. तर म्हणायचे, तुझो झील घेणा नाय, मगे एकट्यान कशाक फोडूची?"

मग तिनं माझ्या हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे बघत विचारलं, मी खरंच घेतो का. मी हो म्हणालो. तिनं ग्लास माझ्या हातातून घेऊन विसळला.

"त्यांना सांगायचं होतंस रे," ती म्हणाली.