कॅसेटमधलं माझं ओरडणं

बायको जाऊन दुसरा महिना चालू होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला दिलेली मुलगी आली, आईची ट्रंक आवरायला. मी खाटेवर बसून बघत होतो. घरातल्या कामाला मी हात लावत नाही, कधी लावला नाही. ट्रंकेच्या तळाला ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट निघाली.

"अप्पा, हे काय? अक्षर आईचं आहे."

अक्षर तिचंच. दहा गाण्यांची नावं, एकाखाली एक, कानडी लिपीत. आमचं बोलणं मराठी, पण शाळा कानडी, म्हणून लिहिणंही कानडी. मी तर चौथीतच शाळा सोडून शिलाई मशीनवर बसलो. मराठी अक्षरं नंतर भजनाच्या वहीवरून शिकलो. चुका दिसल्या तर सोडून द्या.

"जुनी गाणी आहेत. टाक कचऱ्यात," मी म्हणालो.

"आईचा आवाज आहे का यात?"

"नाही."

खोटं बोललो. मुलीला काय पाहिजे होतं ते मला माहीत होतं. तिच्या फोनमध्ये आईचे व्हिडिओ ढीगभर, पण एकात आई बोलत असेल तर शपथ. फोन समोर आला की पदर तोंडाला लावायची आणि हातानं 'पुरे' करायची. मुलगी म्हणायची, आई लाजते.

बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्यात मामाची मुलगी करतात. पाळण्यात असतानाच मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरलेल्या वस्तूची किंमत नसते, तशी मला तिची नव्हती. मी अठरा, ती सोळा. मामाचं घर राजाजीनगरात, आमच्या पलीकडच्या गल्लीत. माझा जीव मात्र समोरच्या घरातल्या एका पोरीवर. तिला गाण्यांची कॅसेट द्यायची ठरवली. शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला. रेडिओवर गाणं लागलं की टेप त्याच्यासमोर धरायचा आणि दोन बटणं एकदम दाबायची. धरायला माणूस लागायचं. मी मामाच्या मुलीला बोलावलं.

होय, तिलाच. आणि कोणासाठी ते सांगून. मला शरम कशी वाटली नाही, आज कळत नाही. नावंही तिच्याकडूनच लिहून घेतली, कारण माझं अक्षर कोंबडीचे पाय. तिनं एकदाच विचारलं, "तिला ही आवडतील का?" आणि लिहीत बसली.

तिला गाणी यायची. टेप धरल्या धरल्या गुणगुणायची. मी बटण बंद करायचो आणि ते गाणं परत कधी लागेल त्याची वाट बघत बसायचो. लागलं की तिच्या गुणगुणण्यावरच पुन्हा भरायचो. असा तिचा आवाज मी माझ्या हातानं पुसला, किती वेळा ते देव जाणे. शेवटचं एक नावेतलं गाणं मात्र परत लागलंच नाही. ते तसंच राहिलं.

पुढे त्या समोरच्या पोरीनं कॅसेट हिच्याच हाती परत पाठवली. आमच्या घरात टेप नाही म्हणे. झालं माझं प्रेम. दोन वर्षांनी हिच्याशी लग्न लागलं. कॅसेट फेकली असेल, असं मी धरून चाललो होतो.

मुलगी पिशव्या बांधत होती तेवढ्यात मी कॅसेट खिशात घातली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो जुन्या कॅसेटी फोनमध्ये घालून देतो. त्यानं शेवटचं गाणं लावलं. खरखर, मग गाणं, आणि त्याच्यावर ती. बारीक, सुरात. एक ओळ पुरी. दुसरी सुरू झाली आणि मी.

"ए, तोंड मीट! तुझं केकाटणं कोणाला पाहिजे? माझी टेप नासवतेस!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं.

"माझं ओरडणं तेवढं काप," मी म्हणालो. "मुलीला द्यायचंय."

त्यानं परत ऐकलं. "अण्णा, नाही जमत. तुम्ही ओरडताय, पण अक्का थांबल्या नाहीत. तुमच्या खालून ओळ पुरी केलीय त्यांनी. तुमचं कापलं तर त्यांचंही जाईल."

मी शिंपी आहे. डाग कापायला गेलं की कापड जातं, हे मला शिकवायला नको. आणि ओळ संपल्यावर ती बोलली होती, "बरं. नाही गात. तू कर तुझं."

तू. लग्नानंतर मी 'तुम्ही' झालो, मग 'तू' कधी ऐकलं नाही. गाणंही नाही.

"सरी, बरं," मी म्हणालो. "राहू दे तसंच."

रविवारी मुलगी आली. फोन तिच्या हातात दिला, सांगितलं, "खोटं बोललो होतो. आहे आवाज."

तिनं ऐकलं. माझं ओरडणं आलं तशी तिनं माझ्याकडे बघितलं.

"मला कधी अंगाई म्हटली नाही तिनं," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणायची, माझा गळा वाईट, तुझ्या अप्पांना विचार."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला कोण विचारणार, अप्पा?"

तिनं पुन्हा लावलं. माझा आवाज यायच्या आधी थांबवलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच थांबवलं. असं तीनदा. चौथ्यांदा थांबवलं नाही. आवाज मोठा केला, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा ठेवायला आत गेली.

मी शेवटपर्यंत ऐकलं.