वॉर्डातली पद्धत

मागच्या महिन्यात एका मंगळवारी, अकोल्यातल्या माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये एकवचन-अनेकवचन चाललं होतं. घाबरलं की 'कोल्ड फीट', अभिनंदन करायचं तर 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स', पण लक्ष ठेवायचं तर 'कीप अ‍ॅन आय'... एकच डोळा. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं.

वंदनाताईंनी 'कीप आइज' म्हटलं. त्या इथल्या एका दवाखान्यात नर्स आहेत, वय बेचाळीस. वर मलाच म्हणाल्या, "मॅडम, आमच्या आयसीयूत दोन डोये पुरत नाही, एका डोयानं कसं भागन?"

सगळे हसले, मीही हसले. पण माझा नियम म्हणजे नियम... चुकलं की उभं राहून दहा वेळा मोठ्याने म्हणायचं. ताईंनी दहा वेळा म्हटलं, तोवर वर्ग खिदळत होता.

बुधवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारीही नाहीत. मला वाटलं, ड्युटी बदलली असेल.

पण शनिवारी त्यांचा अमरावतीला इंटरव्ह्यू होता, इंग्रजीतून. लेक तिथे मामाकडे राहून शिकते. ही नोकरी लागली तर मायलेकी एका घरात राहणार होत्या... त्यासाठीच तर क्लास लावला होता. शेवटी मीच फोन केला.

त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मॅडम, वार्डात नव्या पोरीचं काही चुकलं त मी तिले पेशंटसमोर बोलत नाही. बाजूले नेऊन सांगतो. चारचौघांत बोललं का मंग सुई टोचतानी हात थरथरते तिचा... आता माह्यंबी तसंच झालं. तोंडच उघडत नाही. मी काही जात नाही इंटरव्ह्यूले."

मी सरळ माफी मागितली आणि शुक्रवारी दुपारी घरी बोलावलं. दोघीच बसलो, चहा घेत दोन तास बोललो. चुकलं तिथे हळूच सांगितलं. पहिला अर्धा तास त्या अडखळत होत्या... मग वॉर्डातल्या गोष्टी इंग्रजीत सांगत सुटल्या.

शनिवारी त्या सकाळच्या एसटीने गेल्या. नोकरी लागली. परवा लेकीसोबतचा, नव्या भाड्याच्या खोलीतला फोटो पाठवलाय. तो बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू!

उभं करायचा नियम मी बंद केलाय. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही... अकरा वर्षांत मधेच क्लास सोडून गेलेल्या कितीतरी जणांच्या नावापुढे मी 'अनियमित' लिहिलंय. त्यांतल्या एकालाही मी कधी फोन केला नव्हता.

काल रजिस्टर काढलं आणि पहिला नंबर लावला.