तार कापणारे काका

अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात तारेने बांधून तगवलेल्या जेवढ्या म्हणून वस्तू होत्या, त्या सगळ्यांचे एकमेव वैरी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. खिशात पेनाच्या जागी पक्कड आणि तोंडात कायम एक इंग्रजी शब्द: हेवायर. सोसायटीची मीटिंग हेवायर, नळाची वेळ हेवायर, माझे केससुद्धा हेवायर. अर्थ विचारला की चिडूनच सांगायचे. "गवताचे गठ्ठे बांधायची तार असते ना, ती हेवायर. तीच मशीनला गुंडाळून काम ढकलायचं, मग मशीन बोंबलणारच. म्हणून सगळ्याचा बट्ट्याबोळ झाला की म्हणायचं हेवायर. बदलापूरला गवत दाबायच्या प्रेसवर कामाला होता बाप माझा, मला काय शिकवतोस?" शिकवत कोणीच नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटणं परवडलं असतं.

तार दिसली की पक्कड बाहेर. जिन्याचं फाटक तारेने अडकवलेलं होतं, ती कापली. आठवडाभर जिन्यात कुत्री नांदली. समोरच्या मावशींचा अँटेना ऐन मालिकेच्या वेळी खाली उतरवला. मावशींनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर म्हणतात, "डोक्यात पडला असता मग कोणाला बोलला असतात?"

दुसऱ्याच्या घरी घडतं तोवर गंमत असते. आमची आई उल्हासनगरच्या एका सेठकडून जीन्सचे खिसे शिवायचं काम घरी आणायची. सेकंडहँड मोटरचं मशीन, बेल्टचं कव्हर तारेने बांधलेलं. दोन हजार चार साल असावं. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत चारशे खिसे पोचवायचे होते, आणि मी ऑफिसातून आलो तर आई मशीनसमोर गालाला हात लावून बसलेली. काकांनी तार कापली होती आणि बेल्ट काढून वर नेला होता.

मी तरातरा वर गेलो. "काका, तुम्हाला बोलावलं कोणी होतं? तिचं काम जाईल."

"जाऊ दे. नवं कव्हर बसल्याशिवाय बेल्ट मिळणार नाही."

"तुमचं डोकंच हेवायर झालंय."

काका पहिल्यांदाच ओरडले नाहीत. डावा हात पुढे केला. त्याची दोन बोटं अर्धीच होती. इतकी वर्षं पाहून ती आम्हाला दिसेनाशी झाली होती. "साहेब म्हणाला, आज तारेने बांध, उद्या पार्ट येईल. आला ना पार्ट. दुसऱ्या दिवशी, बरोबर दहाला."

तरीही मला रागच आला. सकाळी काका स्वतः उल्हासनगरला जाऊन कव्हर घेऊन आले, बसवलं, पण वेळ टळली होती. सेठ म्हणाला, "बाई, माल टाइमपे नहीं, तो काम भी नहीं." आईला पुढे दुसरीकडे काम मिळालं. तिने काकांना माफही केलं, चहा दिला. मी मात्र बोलणं टाकलं. पुढे ते मुलाकडे सोनिवलीला राहायला गेले आणि तिथेच वारले. पंधरा मिनिटांची रिक्षा, पण मी एकदाही गेलो नाही. याचा राग कोणावर काढू?

मशीन अजून चालतं. आईची दहाही बोटं शाबूत आहेत. परवा खिडकीची कडी निखळली म्हणून तारेचा तुकडा हातात घेतला, दोन वेढे दिले, आणि थांबलो. वरून पावलं वाजली. पण वर आता दुसरं बिऱ्हाड आहे, त्यांना काय कळणार. मग मीच पक्कड शोधली आणि तार कापली.