फेट्यातला फोटो

अक्का गेल्यानंतर काही महिन्यांनी मी स्मार्टफोन घेतला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती शाळेत शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, आणि निवृत्तीनंतर मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही एकत्र राहिलो. घरात फोन एकच होता, बटणांचा, तिचा. तो वाजला की ती उठायची आणि मी पान उलटायचो. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा ऊस बिद्रीच्या साखर कारखान्याला गेला, हे सगळं ती ऐकायची. शेवटी म्हणायची, "हा बरा आहे. वाचतोय." नात्यातल्या लोकांपर्यंत मी एवढाच पोचत होतो, आणि मला ते पुरत होतं.

दुकानदार कौतुकानं म्हणाला, "काका, बँक म्हणा, लाइट बिल म्हणा, समदं ह्यातच हाय की. आता घराभाईर पडायचं कामच न्हाय."

घरी आणून फोन सुरू केला, तर तो पहिल्यापासून परवानग्याच मागायला लागला. कॅमेरा वापरू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का? प्रत्येक ॲप दारात उभं राहून विचारायचं. मी चष्मा लावून प्रत्येक प्रश्न नीट वाचत होतो आणि होकार देत होतो. या घरात बऱ्याच दिवसांनी मला कोणीतरी काहीतरी विचारत होतं. एका ॲपनं न विचारता सांगितलं की आज तुम्ही फारच कमी चाललात. खरंच होतं.

पुण्याच्या मावसबहिणीनं मला नात्यातल्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथं बारशी, साखरपुडे, कुणाची नवी गाडी. माझा नंबर नवा, तिच्याशिवाय कुणाच्याच फोनमध्ये माझं नाव नव्हतं, त्यामुळे मी आल्याचं कुणाला कळलं नाही. दोनतीन दिवस मी नुसता वाचत बसलो. मग वाटलं, आपणही एक फोटो टाकावा. ओळखतील, एवढं पुरे.

माझा एकट्याचा फोटो घरात एकच आहे. निवृत्तीच्या सत्काराचा. डोक्याला फेटा, गळ्यात हार, अंगावर शाल, चेहरा अवघडलेला. अक्कानं तो फ्रेम करून भिंतीला लावला होता. मी खुर्चीवर चढून त्या फ्रेमचाच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. आमच्याकडे निधनाच्या बातमीत बहुतेकांचा फेट्यातलाच फोटो असतो, कारण नीट फोटो काढायचा प्रसंग आयुष्यात तेवढाच आलेला असतो. हे मला रोज पेपर वाचूनही सुचलं नाही. फोटो टाकला आणि जेवून आडवा झालो.

उठलो तेव्हा मी गेलेलो होतो.

भावपूर्ण श्रद्धांजली. ॐ शांती. जोडलेले हात, एकाखाली एक. कुणी लिहिलं होतं, "अक्कांच्या मागोमाग गेले." कुणी, "फार शांत माणूस. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात." मग कामाचं बोलणं सुरू झालं होतं.

"रक्षाविसर्जन कधी?"

"कळवलंय कोणी? नंबर अनोळखी आहे."

"शेजारी असतील."

"घरात आता कोण आहे? कुणाला भेटायचं?"

"कोणी नाही. अक्काच होत्या."

मी ते सावकाश वाचलं. कुणी वाईट लिहिलं नव्हतं. पण शांत, यापलीकडे माझ्याबद्दल कुणालाच काही आठवत नव्हतं, आणि सांत्वनाला यायचं तर समोर बसायलाही माणूस नव्हतं. अक्षरं शोधत शोधत मी लिहिलं, "मी आहे."

हसरी तोंडं आली. मावसबहिणीनं लिहिलं, "अरे, आत्ता बघतेय! असा फोटो कोणी टाकतं का! घाम फुटला मला." तेवढ्यात फोन वाजला. हुपरीच्या वहिनी, माझ्या आतेभावाची, दादाची बायको.

"भावजी? तुमीच बोलतायसा न्हवं?"

"मीच, वहिनी."

"अवो, ह्येनी गेलं की बस धरून! आणि फोन हितंच चार्जिंगला हाय!"

दादा संध्याकाळी पोचला. जन्मभर चांदीच्या पैंजणांना आगीवर जोडकाम करून त्याचे डोळे आधीच अधू झालेत, त्यात ते रडून लाल. हातात फडक्यात बांधलेला डबा. दार मी उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"जित्ता हायस व्हय रं?"

"हो. आत ये."

"आत ये काय आत ये! हुपरीपासनं रडत आलोय. शेजारच्या पावण्यानं शेंगदाणे दिलं मला, गप बसावं म्हणून!"

मग तो हसला, आणि हसता हसता पुन्हा रडला. मी त्याला पाणी दिलं. अशा वेळी अक्का बोलायची.

डब्यात भाकरी आणि बिनफोडणीची आमटी होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नात्यातले लोक कडू घास घेऊन येतात, तो हा. आम्ही दोघांनी खाली बसून तो खाल्ला.

"मेल्याच्या नावाचा घास मेलेलाच खातोय," दादा म्हणाला. "मीठ तरी बरोबर हाय का?"

"थोडं कमी आहे."

"घाईत केलंय तिनं. पुढच्या बारीला सांगतो."

मी हसलो. भाकरी मोडता मोडता त्यानं सहज विचारलं, "पर खरंच गेलास, तर कळवणार कोण?"

मी डबा त्याच्याकडे सरकवला. त्यानं आमटी ओतून घेतली. मग म्हणाला, "रोज सकाळी ग्रुपवर कायतरी टाकत जा. फूल टाक, देव टाक. ही बघती रोज. दिसलं न्हाय तर मी बस धरतो."

अंधार पडायच्या आत मी त्याला बसपर्यंत सोडून आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी चहाआधी ग्रुपवर एक शब्द लिहितो: "उठलो." फुलं मला जमत नाहीत. सुरुवातीला लोकांनी चेष्टा केली, आता कुणी काही म्हणत नाही. हुपरीहून एक अंगठा येतो, कधी लगेच, कधी दुपारी.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी मुद्दाम काही लिहिलं नाही. फोन टेबलावर ठेवून समोर बसलो. चहा झाला, पेपर झाला, रस्त्यावर शाळेच्या रिक्षा येऊन गेल्या. ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चालल्या होत्या. हुपरीहून काहीच नव्हतं. मग वाटलं, दादा आत्ता चपला घालत असेल. मग वाटलं, नसेलही. थोडं आणखी थांबलो असतो तर यातलं एक नक्की कळलं असतं. मी फोन उचलला आणि "उठलो" लिहिलं.