खराब वायर

त्याचं नाव मी विचारलंच नाही. उर्से टोलनाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात सकाळपासून नेट येत-जात होतं, आणि नेटवर्कवाल्यानं बोगस काम केलंय, असं मी साहेबांना ठासून सांगितलं होतं.

तो नेटवर्कवाला आला, घाम न पुसताच नेटच्या सगळ्या वायरी जोडलेल्या डब्याला, म्हणजे स्विचला, लॅपटॉप लावून बसला. मग मला हळूच म्हणाला, "एकच मशीन घडीत ह्या पोर्टवर दिसतंय, घडीत त्या. वायर फिरून परत स्विचलाच आलीय, म्हणून नेट आतल्या आत गरगरतंय. काल हितं आवराआवर कुणी केली, भाऊ?"

काल आवरताना त्या वायरचं लोंबणारं टोक मीच भिंतीतल्या पोर्टात खोचलं होतं.

माझ्या तोंडाकडं बघून तो टेबलाखाली वाकला आणि वायर उपटली. नेट सुरळीत झालं.

"काय होतं?" साहेबांनी दारातून विचारलं.

"आमचीच वायर खराब व्हती," म्हणत त्यानं ती धडधाकट वायर कोपरावर गुंडाळून पिशवीत टाकली.

"तुझंच खरं निघालं," साहेब मला म्हणाले.

मी मान डोलावली.